झाकण उचलायचं नाही

एक्स-रे हातात आला की कोणीही आधी त्यावरचं नाव वाचतो. चाचा नाव वाचत नसत. उजेडाकडे धरून मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "हा माणूस डाव्या कुशीवर झोपतो." खरं की खोटं, कोण तपासायला जाणार? पेशंट मात्र चमकून त्यांच्याकडे बघायचा आणि चाचा दिवसभर खूश असायचे.

ओमानमधल्या निझव्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये ते एक्स-रे टेक्निशियन होते आणि मी सिस्टर. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, मी वसईची ख्रिस्ती. मराठी बोलणारी आम्ही दोघंच. त्यामुळे आम्ही साधं हवापाण्याबद्दल बोलायला लागलो तरी केरळच्या सिस्टरांना वाटायचं, आपल्याबद्दलच चाललंय. कधी कधी असायचंही. त्यांना चाचा सगळेच म्हणायचे, क्लिनिकचा ओमानी मालकसुद्धा. मालकाला आम्ही अर्बाब म्हणायचो. पण त्या दोघांत अर्बाब नक्की कोण, हा प्रश्न नव्या माणसाला पडायचा.

आमची ओळख माझ्या बरगडीमुळे झाली. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत मी क्लिनिकच्या जिन्यावरून घसरले. चाचांनी मला मशीनसमोर उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि स्वतः काचेमागे गेले. "साँस लीजिए. रोकिए." मी श्वास रोखला. मग काचेमागून आवाज आला, "सिस्टर, अर्बाब म्हणाला तुम्ही वसईच्या. म्हणजे मराठीच की. वसईत कुठे? आमच्या गावचा एक जण तिकडे केळी घ्यायला जायचा." मला बोलता येईना, मान हलवता येईना. केळ्यांचं पुढे काय झालं ते सांगून झाल्यावर त्यांचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "सोडा, सोडा. श्वास सोडा."

एक्स-रे पुन्हा काढावा लागला. बरगडी धड होती.

घ्या, रोखा, सोडा. ही तीन वाक्यं त्यांना अरबी, मल्याळम, बंगाली, उर्दू, सगळ्या भाषांत येत होती आणि त्या भाषांमधलं दुसरं फारसं काही येत नव्हतं. अरबी तरी बरं होतं. ती वाक्यं ते कुठेही वापरायचे. गाडी चढावर लावताना शेजारी बसलेल्याला "रोखा" म्हणायचे. घरून वाईट बातमी आली म्हणून एक सिस्टर रडत होती, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "घ्या. रोखा. सोडा." ती रडायची थांबली. उपाय म्हणून वाईट नाही, मी पुढे पेशंटवर करून पाहिला आहे.

त्यांची अर्धी नोकरी डार्करूममध्ये गेली होती. त्या काळी फिल्म अंधारात धुवावी लागायची. छोटी खोली, औषधाचा आंबूस वास, आणि उजेड म्हणून एक लाल दिवा. दार मध्येच उघडलं, बाहेरचा उजेड आत आला, की फिल्म खलास. एकदा अर्बाब चाचांना शोधत आला आणि त्याने ते दार उघडलं. आत तीन पेशंटांच्या फिल्म होत्या. चाचा ओरडले नाहीत. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून अर्बाबच्या हातात दिला आणि म्हणाले, "पेशंटना परत तुम्हीच बोलवा." अर्बाबने बोलावलं. तेव्हापासून तो स्वतःच्या केबिनमध्ये शिरतानाही दार वाजवायचा, असं चाचा सांगत. हे मी पाहिलेलं नाही.

मी आले तोवर मशीन डिजिटल झालं होतं आणि डार्करूममध्ये सलाइनचे खोके रचले होते. खोली गेली, पण तिथला लाल दिवा चाचांनी मागून घेतला आणि घरी नेऊन स्वयंपाकघरात लावला.

हे मला कळलं, कारण मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला गेले. नवरा लांब सहम गावी साइटवर असायचा, आठवड्याच्या सुट्टीला तेव्हा शुक्रवारी रात्री यायचा. एका शुक्रवारी दुपारी खालून असा वास आला की मी हातातली इस्त्री ठेवली. बीफ, मिरी, दालचिनी आणि आणखी काहीतरी आंबट. आमच्या वसईच्या घरात नाताळला इश्टू, म्हणजे मांसाचा स्ट्यू, असायचा, पण वासात हे आंबट नसायचं. मी सरळ खाली जाऊन बेल वाजवली. चाचांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आत स्वयंपाकघरात लाल उजेड. शेगडीवर जाड बुडाचं मोठं पातेलं. झाकणावर लोखंडी खलबत्ता ठेवलेला, वाफेने झाकण हलू नये म्हणून. शेगडीकडे पाठ करून एक स्टूल. चाचा त्या स्टुलावर बसले आणि डोळे मिटून ऐकायला लागले.

"काय ऐकताय?" मी विचारलं.

"इश्टू डोळ्यांनी शिजत नाय, कानाने शिजतो. मोठे बुडबुडे आले की आवाज वेगळा, बारीक आले की वेगळा. गप्प ऱ्हावा."

"झाकण काढून बघा की."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं अर्बाबकडे बघितलं असेल. "डार्करूमचं दार मध्येच कोण उघडतं काय, सिस्टर? झाकण उचलायचं नाही."

झाकण पूर्ण शिजेपर्यंत उचलायचं नाही. लाल दिवा चालू असताना दुसऱ्या कोणी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. शिजत असताना हिंग, लोणचं असल्या तीव्र वासाचं काही घरात उघडायचं नाही. असे नियम होते आणि ते पाळायला घरात ते एकटेच होते.

घर म्हणजे तरी काय. एक ताट, एक वाटी, एक पेला, एक चमचा. तीस वर्षं ओमानमध्ये काढलेल्या माणसाच्या घरात दुसरा चमचा नव्हता. त्या दिवशी मला त्यांनी ताटात वाढलं आणि स्वतः पातेल्याचं झाकण उलटं करून त्यात जेवले. मांस बोटाने तुटत होतं. नळीतला मगज त्यांनी माझ्या पावावर ठोकून काढला. मी दोनदा मागून घेतलं. पुढच्या शुक्रवारी जाताना मी स्वतःचं ताट घेऊन गेले.

आंबट वास लूमीचा होता. लूमी म्हणजे इथलं उन्हात सुकवलेलं काळं लिंबू, दगडासारखं कडक. चाचा त्याला सुईने भोकं पाडून अख्खं पातेल्यात टाकायचे. मी म्हटलं, आम्ही व्हिनेगर घालतो. ते म्हणाले, व्हिनेगर फिनाइलच्या जातीचं. यावर आमचं जवळजवळ महिनाभर वाजलं होतं.

हा इश्टू त्यांना कोणी शिकवला, याच्या तीन गोष्टी होत्या. एका गोष्टीत मुंबईच्या हॉस्पिटलातली मेट्रन होती, एकीत बोटीवरचा गोवेकर खानसामा, आणि एकीत ते स्वतःच आजारी पडले होते आणि स्वप्नात कृती दिसली. कोणती गोष्ट खरी, असं विचारलं की म्हणायचे, "तुम्हाला आवडली ती."

मांस घ्यायला ते शुक्रवारी सकाळीच बाजारात जायचे. एकदा मी बरोबर गेले. आवारात बकऱ्यांचा लिलाव चाललेला, पांढऱ्या पायघोळ दिशदाशातली माणसं गोल बसलेली, धूळ, ओरडा. चाचा त्यातून सरळ मांसाच्या गाळ्यावर. खाटीक पाकिस्तानी, त्यांना ओळखणारा. चाचांना पिंढरीचं मांस लागायचं, नळीसकट. त्याने तुकडा पुढे केला की चाचा आधी हाड उजेडाकडे धरायचे, एक्स-रे धरावा तसे.

"ही म्हातारी होती. गुडघे दुखायचे हिचे."

दुसरा तुकडा. "हा उंचावरून पडला होता लहानपणी."

खाटकाने सुरा खाली ठेवला. "चाचा, गोश्त लेना है कि रिश्ता करना है?"

"रिश्ता ही समझो. पूरा हफ्ता साथ रहना है," चाचा म्हणाले आणि तिसरा तुकडा उचलला.

तर असे हे चाचा. चाळिशीतल्या माणसासारखे चालायचे, पण साठीला आले होते, आणि त्यांच्या जगात सगळं त्यांच्या मनासारखं होतं, एक गोष्ट सोडून. त्यांची बायको कधी इथे आली नव्हती. आधी सासू-सासरे होते, मग मुली शाळेत होत्या, मग मुलींची लग्नं, मग घराचं बांधकाम. तिकडचं सगळं तिनेच केलं होतं. चाचा वर्षाकाठी महिनाभर जायचे, तेव्हा सगळं गाव त्यांना पाहुण्यासारखं जेवायला बोलवायचं आणि महिना संपायचा.

आता तिकडचं काही उरलं नव्हतं. चाची व्हिजिट व्हिसावर येणार होत्या. त्यांना इथे बरं वाटलं तर पुढे फॅमिली व्हिसा करायचा; अर्बाबने हो म्हटलं होतं. प्रश्न फक्त चाचींच्या हो म्हणण्याचा होता. चाचांना त्याची शंकाच नव्हती.

"आयुष्यभर धुरात राबली ती," मला म्हणाले. "इथे तिने काडी हलवायची नाय. राणीसारखी बसेल."

त्यांनी तिच्यासाठी ताट आणलं. काचेचं, सोनेरी काठाचं. तसाच कप. स्वतःसाठी स्टीलचंच ठेवलं.

चाची आल्या. बुटक्या, रुंद मनगटांच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. हात बघितले की कळायचं, या हातांनी भात लावलाय आणि घर बांधून घेतलंय. पहिले काही दिवस मी मुद्दामच गेले नाही. मग एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर त्या तिथे नुसत्याच उभ्या होत्या, लांब डोंगराकडे बघत.

"कसं वाटतंय चाची?"

"छान हाय." मग जरा थांबून, "सिस्टर, एक विचारू? हॉटेलात माणूस उठून स्वतःच्या हाताने पाणी घेतो का नाय?"

"घेतो."

"मग हे हॉटेल पण नाय. सकाळी उठले की चा तयार. दुपारी ताट तयार, ते सोन्याचं. परवा तहान लागली म्हणून उठले तर मागून येऊन म्हणतात, तू बस, मी देतो. मी काय चोरी करायला चालले होते?"

मी त्यांच्याबरोबर माझे कपडे पिळायला लागले. खरं तर त्यांनीच माझ्या हातातली चादर ओढून घेतली आणि एका पिळ्यात कोरडी केली.

"व्हिसा वाढवणार म्हणत होते चाचा," मी म्हटलं.

"ते म्हणतात. मी कशाला ऱ्हावू? पाहुण्याने किती दिवस ऱ्हावचं ते पाहुण्याला कळायला पायजे." चादर दोरीवर टाकून त्यांनी झटकली. "लेकीला फोन केलाय. व्हिसा संपला की जाणार. यांना अजून बोलले नाय."

आमच्या घरी वेगळी पद्धत आहे. नवरा सहमहून आला की बूट काढायच्या आत मी त्याच्यापुढे कांदे आणि सुरी ठेवते. आठवड्याने येणारा माणूस पाहुणा व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा पाहुणा झाला की मग त्याच्याशी बोलायला विषय शोधावे लागतात. म्हणून मी चाचांना दुसऱ्या दिवशी सरळ सांगितलं, "चाचींना कांदे कापायला द्या."

"कांदे? तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग लसूण सोलायला द्या."

"नखं दुखतील."

"चाचा, त्या जातील."

हे त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, मी बाजारात जाण्याबद्दल बोलतेय. "ऊन फार आहे, बाजारात कशाला पाठवू तिला," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. त्यांना जे ऐकायचं नसेल ते ऐकायला त्यांचे कान नव्हते. दोन्ही कान पातेल्याकडे लावलेले.

मग तो शुक्रवार आला. चाचांनी सकाळी मांस आणलं, परतलं, पातेलं चढवलं, लाल दिवा लावला आणि खलबत्ता झाकणावर ठेवला. तेवढ्यात क्लिनिकचा फोन. रस्त्यावर एक पिकअप उलटली होती, एकाच घरातली माणसं होती, जिवाचं काही नव्हतं पण हात-पाय मोडलेले. एक्स-रे काढणारे चाचा एकटेच. ते गेले. जाताना चाचींना सांगून गेले, मी तासाभरात येतो, तू बस, झाकण उचलायचं नाही.

तासाभरात कसले येतात. दुपारी जेवणाच्या वेळेला मला त्यांचा फोन. "सिस्टर, खाली जाऊन गॅस बारीक करायला सांगा. पाणी आटत असणार. ही फोन उचलत नाय."

मी जिना उतरत होते तेव्हाच करपल्याचा वास आला. थोडाथोडका नाही. बेल वाजवली. चाचींनी दार उघडलं, शांतपणे, आणि परत जाऊन खुर्चीवर बसल्या. खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराबाहेर होती, दाराला अगदी टेकून. आत लाल उजेड आणि धूर. चाची हात मांडीवर ठेवून बसलेल्या, फोटो काढायला बसवल्यासारख्या.

"चाची, जळतंय."

"हो."

"कधीपासून?"

"झाला बराच वेळ. आधी कांदा लागला, मग बटाटा. आता मसाला लागतोय." वासावरून सगळं सांगत होत्या.

मी आत जायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. त्या मनगटाची ताकद तेव्हा कळली. "तुमी नका हात लावू. तुमच्यावर यायचं. त्यांनी सांगितलंय, झाकण उचलायचं नाय."

"गॅसचं काही सांगितलं होतं का?"

चाचींनी विचार केला. "नाय."

"मग गॅस मी बंद करते."

केला. खिडकी उघडली. झाकणाला मात्र मी हात लावला नाही. ते माझं काम नव्हतं, आणि चाचींना ते तसंच हवं होतं, हे मला एव्हाना कळलं होतं. तीस वर्षं चूल सांभाळणाऱ्या बाईच्या नाकासमोर भांडं करपतं आणि ती उठत नाही, याला विसरभोळेपणा म्हणत नाहीत.

उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. खाटेखाली चाचींची बॅग. दोरीने बांधलेली, गाठीवर विमानतळाचा कागद तसाच चिकटलेला. आल्यापासून सोडलेलीच नव्हती.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"मसाला. घरी कुटलेला. सोलं. खोबरं. सुकट. मला वाटलं, हितं येऊन रांधीन." त्यांनी चष्मा पदराने पुसला. "तशीच परत न्यायची."

 धुराने खोकला येत होता, मी बाहेरचं दारही उघडं टाकलं.

चाचा आले ते जिन्यातच ओरडत आले, "सिस्टर, गॅस?" दारात थांबले. वास त्यांच्यापर्यंत आला होता. ते आत गेले, फडक्याने खलबत्ता उचलून खाली ठेवला आणि झाकण काढलं. लाल उजेडात काळं नीट दिसत नाही, पण जे काही दिसलं ते पुरेसं होतं.

मला वाटलं, आता ओरडतील. ते बायकोकडे वळले आणि हळू विचारलं, "तुला वास आला नाय?"

"आला."

"मग?"

"झाकण उचलायचं नाय."

"अगो, पण जळतंय म्हटल्यावर..."

"पाहुण्याने दुसऱ्याच्या चुलीला हात लावायचा नसतो," चाची म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमचं घर, तुमचं पातेलं, तुमचा दिवा. मला तुमी ताट दिलंत सोन्याचं. आमच्या घरात पाहुण्याला देतात तसं. तीस वर्षं तुमी यायचात तेव्हा मी तुमाला चांगल्या ताटात वाढायची. तवा मला पण वाटायचं, मान देतेय. आता कळलं, त्या ताटात कसं जेवण जातं ते."

चाचा फडकं हातात धरून उभे.  शेवटी मला राहवेना. मांस गार होत होतं.

"चाची," मी म्हटलं, "वरचं वाचेल का?"

त्या उठल्या. पातेल्यात वाकून बघितलं, हुंगलं. "वाचेल. खालचं खरवडायचं नाय, वरचं वरचं काढायचं. दुसरं भांडं कुठाय?"

दुसरं भांडं नव्हतं. मी वर जाऊन माझं पातेलं आणलं. परत आले तेव्हा चाची ओट्यापाशी होत्या आणि चाचा दाराबाहेर, त्यांच्या खुर्चीच्या जागेवर.

"हा दिवा आधी बंद करा," चाची आतून म्हणाल्या. "कांद्याचा रंग कळत नाय."

चाचांनी लाल दिवा बंद केला आणि ट्यूब लावली. मी त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच पांढरा उजेड पाहिला. ओट्यामागच्या टाइल्सवर वर्षांचं तेल बसलेलं. चाचींनी एकदा त्या टाइल्सकडे बघितलं. बोटाने जरा खरवडून पाहिलं. दुसऱ्या दिवशीचं काम ठरलं असावं.

"आणि ती बॅग आणा हिकडं. खाटेखालची."

चाचा बॅग घेऊन आले. गाठ त्यांना सुटेना; चाचींनी दातांनी सोडवली. खोबरं आणि कांदा विस्तवावर भाजला, चांगला काळपट होईपर्यंत. झाकणावरच्या खलबत्त्यातच कुटला. मी विचारलं, इतका कशाला भाजायचा?

"करपलेला वास जात नाय, सिस्टर. काय पण करा. त्याला सोबत द्यायची. कांदा-खोबरं असं भाजायचं की खाणाऱ्याला वाटलं पायजे, हा वास मुद्दाम आणलाय." मग सोलं टाकली, पाणी घातलं, लूमी चमच्याने वर काढून उलटसुलट बघितली आणि परत आत सोडली. "हे लिंबू बरं हाय. ऱ्हावदे."

चाचांचं इकडे पाऊल पुढे पडत होतं आणि मागे जात होतं. त्यांना कोणी आत येऊ नका म्हटलं नव्हतं. पण सवयीने दार बंद असल्यासारखं वाटत होतं बहुतेक. एकदा त्यांनी मान लांब करून विचारलं, "जरा बघू?"

"झाकण उचलायचं नाय," चाची म्हणाल्या.

मी हसले. चाचा हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले, मग उठले. थोड्या वेळाने चाचींनी स्वतःच झाकण काढलं, पळीने रस तळहातावर घेतला आणि चाटला. डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग पळीत पुन्हा रस घेतला आणि दाराकडे, चाचांपुढे धरला. त्यांनी तळहात पुढे केला. चाटला. आणि तसेच थांबले, खांदे वर, हनुवटी वर, छाती भरलेली. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला.

"चाचा," मी म्हटलं, "सोडा. श्वास सोडा."

त्यांनी सोडला. नीट आवाज करून सोडला.

"मीठ कमी हाय," ते चाचींना म्हणाले.

"मग घाला की. तुमचे हात मोडलेत?"

चाचा आत गेले आणि मिठाचा डबा शोधायला लागले. तो चाचींनी एव्हाना दुसरीकडे ठेवला होता.

त्या दिवशी आम्ही तिघं जेवलो. मी माझं ताट आणलं होतंच. चाचींनी स्टीलचं ताट घेतलं. सोनेरी काठाचं चाचांपुढे ठेवलं, त्यांनी मुकाट्याने त्यात खाल्लं. इश्टू कोणाचाच नव्हता, ना चाचांचा, ना चाचींचा, ना माझ्या वसईचा. चांगला होता. करपलेला वास होता, आणि मुद्दाम आणल्यासारखा वाटत होता.

चाची राहिल्या. चाचा निवृत्त होईपर्यंत दोघं निझव्यात होते आणि रोज भांडायचे. वर मला सगळं ऐकू यायचं: लसूण किती, आच किती, पाणी कोणी घातलं. आधी त्या घरातून फक्त बुडबुड्यांचा आवाज यायचा. परत जाताना चाचींनी माझं पातेलं बांधून नेलं, मला न विचारता. त्याबदल्यात चाचांचं जाड बुडाचं माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या.

बुडाशी काळं कडं आहे. राखेने, लिंबाने, सोड्याने, सगळ्याने घासून झालं, जात नाही. मी शुक्रवारी त्यात इश्टू करते, लूमी घालून आणि जरासं व्हिनेगरही. नवरा कांदे कापतो. झाकण मला वाटेल तेव्हा उचलते.